मे महिन्यातली दुसरी काठी

भाऊजींना मे महिना फार आवडायचा. वर्ध्यात राहून मे महिना आवडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसे, कूलरच्या ताट्यांवर पाणी टाकून टाकून आम्ही बाया थकून जायचो, आणि भाऊजी बैठकीत खाली बसून सुताचा दोर तपासत गाणं गुणगुणत असायचे. कोणी म्हटलं, "सर, एवढ्या तपनीत खुशीत दिसून राह्यले?" तर मान वर न करता म्हणायचे, "तिकडं किनारे भरले असन आता."

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. कॉलेजात भूगोल शिकवायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. कॉलेज आता त्यांच्यावर स्मरणिका काढत आहे, त्यासाठी दोन मुलं येऊन ताईकडून आठवणी घेऊन गेली. ताईनं चांगलं चांगलं सांगितलं आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. मी आत चहा करत होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी चार परक्या माणसांसमोर माझ्याच्यानं बोलणं झालं नसतं. लिहिता मात्र येतं, चौथी पास आहे. म्हणून हे माझ्यापुरतं लिहिते.

आई वारली तेव्हा मी पाचवीत जायची होते. ताई मला हिंगणीहून वर्ध्याच्या नालवाडीला घेऊन आली. तिचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. जून येऊ दे, इथल्या शाळेत घालू, असं ठरलं. जून आला तेव्हा बाळ लहान होतं. पुढच्या जूनलाही घरात कोणी ना कोणी लहान होतंच. प्राध्यापकाच्या घरी राहून माझी शाळा अशी सुटली. भाऊजींच्या ते लक्षातही आलं नसेल. त्यांचं लक्ष घरात नसायचंच, ते अडीचशे कोसांवरच्या समुद्रात असायचं.

घरात मात्र समुद्र जागोजागी होता. खिडकीच्या कठड्यांवर, फडताळात, देवघराच्या खालच्या खणात कागदी पुड्या, आणि पुड्यांत रेती. एकदा ताईच्या आतेसासूबाई आल्या. त्यांना वाटलं, कुठल्या तीर्थाची रेती आहे. त्यांनी पुडी उघडून चिमूटभर कपाळाला लावली. भाऊजी कॉलेजातून आले, पुडी पाहिली, आणि त्यांनी म्हातारीला कागदावर वाकवून कपाळ झटकायला लावलं. "वजन कमी भरते ना," म्हणाले. त्या बाई पुन्हा कधी आमच्याकडे उतरल्या नाहीत.

जेवताना त्यांचा आणखी एक प्रकार होता. भाताचा उंच डोंगर करायचा आणि वरण वरून न घेता ताटाच्या कडेनं सोडायचं. वरण डोंगराच्या पायथ्याशी पोचलं की हात थांबवून पाहत बसायचे. पायथा भिजला की वरचा भात धसकन खाली यायचा. "पाहा! वरून काई नाई झालं. खालून खाल्लं त्यानं." मुलं टाळ्या वाजवायची. ताई म्हणायची, "जेवा आता, निवून राह्यलं." हे रोज चालायचं. पाहुणे असले की पाहुण्यांच्या ताटातही करून दाखवायचे.

त्यांचं काम असं होतं, की कोणता किनारा किती नाजूक आहे ते ठरवायचं. नाजूक हा त्यांचाच शब्द. प्रत्येक किनाऱ्याचा उतार पाहायचा, रेती जाड की बारीक पाहायची, मागं रेतीचे उंचवटे आणि त्यांच्यावर वेली आहेत की नाहीत, कोणी भिंत बांधली का, कोणी बांधकामाला रेती उचलून नेतं का, हे सगळं पाहून एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे किनारा खंबीर. पाच म्हणजे समुद्र त्याला खाणार. थंड देशातल्या लोकांनी असे तक्ते आधीच केले होते, पण भाऊजी ते मानत नसत. "त्यायचा समुद्र बाराही महिने सारखा. आपला चार महिने पागल असते अन् आठ महिने शहाणा. त्यायचं माप आपल्याले कसं चालन?" गरम मुलखातल्या किनाऱ्यांसाठी आपण वेगळा तक्ता करायचा, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यापायी त्यांनी ना घर वाढवलं, ना बढतीच्या मागं लागले. कॉलेजात त्यांना हसत असत. वर्ध्यात बसून समुद्र मोजतो, म्हणत.

मोजायला सुट्टी मे महिन्यातच मिळायची. पण ते म्हणत की नुसत्या सुट्टीचा प्रश्न नाही. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची रेती ओढून नेतो आणि हिवाळ्यापासून हळूहळू परत आणून टाकतो. मे महिन्यात किनारा पोटभर असतो. म्हणून या मेचं माप मागच्या मेशीच लावायचं. "मेपर्यंत जे परत आलं नाई, ते गेलं." एक वर्ष जरी चुकलं तरी माळ तुटते, असं ते म्हणत.

मोजायचं साधन म्हणजे दोन काठ्या आणि एक दोर. काठ्या सारख्या उंचीच्या, त्यांच्यावर लाल-पांढरे पट्टे. मागची काठी भाऊजी धरत. पुढची काठी समुद्राच्या बाजूला दुसऱ्या माणसानं धरायची. दूर पाणी आणि आभाळ मिळतात ती रेघ आणि पुढच्या काठीचं टोक एका ओळीत आणून, उतार किती झाला ते भाऊजी मागच्या काठीवर वाचत. मग दोघांनी दोराएवढं पुढं सरकायचं. वरच्या वेलींपासून निघायचं ते पाण्यात कमरेपर्यंत जायचं.

पहिली काही वर्षं दुसरी काठी ताईनं धरली. मग तिचे गुडघे गेले. तेव्हा मी विशीत होते.

मला शिकवायला त्यांनी बोर धरणावर नेलं, कारण दूरवर पाण्याची रेघ दिसेल अशी आमच्याकडे तेवढीच जागा. हिंगणी जवळच. मी काठी धरून काठावर उभी, भाऊजी मागं एक डोळा मिटून वाकलेले. बकऱ्या चारणारा एक म्हातारा येऊन थांबला.

"कोन्या खात्याचे म्हना सायेब?"

"भूगोलाचा मी."

"म्हंजे आनखी जमीन जाते का आमची?"

"जाईन. पन समुद्र इथं पोचल्यावर."

"तं कधी पोचते?"

भाऊजी सरळ उभे राहिले आणि त्यांनी खरंच विचार केला. "तुमच्या बकऱ्यायले भेव नाई," म्हणाले.

म्हाताऱ्यानं मग माझ्याकडं निरखून पाहिलं. "अरे, हे तं आपल्याच गावची पोट्टी. काऊन वं, बिना फडक्याचा झेंडा धरून काऊन उभी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड फिरवून काठीच्या आड होऊ पाहिलं. मागून भाऊजी ओरडले, "हालू नको!" मी हलले नाही. घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं, "इच्या हातासारखा हात नाई. बोलत नाई, हालत नाई. हे काम इच्यासाठीच बनलं."

माझं कौतुक झालं म्हणून मी खूश झाले होते, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही सगळे कोकणात जायचो. ताई, मुलं, दोन काठ्या आणि पुड्यांची पेटी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा भीती वाटली, मग वाटली नाही. एक गोष्ट मला तिथं बरी वाटायची. काठी धरलेल्या बाईकडं कोणी पाहत नाही, लोक काठीकडं पाहतात. ओचा खोचून पाण्यात उभी असले तरी मला लाज वाटत नसे. वर्ध्यात मी किराण्याच्या दुकानात चार माणसं असली तर बाहेर उभी राहायची. सकाळी पाणी दूर गेलेलं असे, पायाखालची रेती प्रत्येक लाटेला थोडी सरके, आणि तेवढा वेळ माझ्याकडून कोणाला काही नको असे. फक्त सरळ उभं राहणं हवं असे.

पण मे महिना आमच्याकडं लग्नांचा असतो. स्थळं येतात ती तेव्हाच, मुली पाहायला लोक निघतात ते तेव्हाच. आमच्या स्वयंपाकघरात एकच कॅलेंडर होतं. ताई त्यावर लग्नाच्या तिथी पाहायची आणि भाऊजी अमावस्या-पौर्णिमा पाहायचे, कारण त्या दिवसांत ओहोटी सगळ्यात लांब जाते. तिनं निळ्या पेनानं खूण केली की त्याच आठवड्यात भाऊजींची लाल असायची.

पहिलं चांगलं स्थळ आर्वीचं होतं. मुलगा शाळामास्तर.

ताई म्हणाली, "अहो, आर्वीचे लोक अक्षय तृतीया झाल्यावर येतो म्हनतात."

"अमावस्या कधी आहे?"

"पोरगी पाहाच्या बोलन्यात अमावस्या काऊन काढता?"

"ओहोटी मोठी राह्यते ना. त्याच्या आदल्या दिशी पोचा लागते आपल्याले."

"मंग पोरगी कोन दाखवन?"

"पोरगी तं आपल्यासंगच राह्यन!" भाऊजी इतक्या सरळपणे म्हणाले की ताईला हसू आलं. "त्यायले म्हना, जूनमंधी या. समुद्र काई जूनपर्यंत थांबत नाई, मानूस थांबते."

माणूसही थांबला नाही. जून महिन्यात आर्वीहून पत्रिका आली, मुलाचं पुलगावच्या मुलीशी ठरलं होतं. ताईनं पत्रिका वाचली आणि आहेर काय करायचा ते मलाच विचारलं.

पुढच्या वर्षी देवळीचं स्थळ होतं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. दरवेळी ताई विषय काढायची आणि भाऊजी म्हणायचे, "एवढं वर्स जाऊ दे. हात बदलला की माप बदलते." ताई थोडी कुरकुर करायची. फार जोर तीही लावत नसे. मी गेले असते तर तिच्या गुडघ्यांनी त्या घरात स्वयंपाक कोणी केला असता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

बोलायच्या त्या शेजारच्या काकू. त्यांचे यजमान कलेक्टर कचेरीत होते आणि त्यांना साऱ्या नालवाडीच्या मुलींची काळजी होती. एप्रिल लागला की कुंपणावरून हाक यायची. "काय वं, यंदाही समुद्र काय?" मी मान खाली घालून आत जायची. एकदा त्यांनी भाऊजींनाच अडवलं. "सर, साळी हाय ते तुमची, कॉलेजचा चपराशी नाई. उजवा ना तिले कुठी."

"उजवू ना," भाऊजी म्हणाले. "तीन-चार वर्साची माळ पुरी होऊ द्या."

"तुमची माळ पुरी होईन, तिच्या गळ्यातली कधी पडन?"

भाऊजींना टोमणा कळला नाही. त्यांनी काकूंना रेती परत कशी येते ते समजावून सांगितलं. काकू भाजी निवडत ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बाप्पा!"

कोकणात आम्ही एका म्हाताऱ्या बाईकडे उतरायचो. त्यांचं घर अगदी समुद्राला लागून, पुढं माडांची रांग. सगळे त्यांना काकी म्हणत. त्या आम्हाला जेवू घालत, मुलांना फणस देत. मी काठी घेऊन आले की म्हणत, "गो चेडवा, दरवर्षी हय येतस. तुझा लगीन कधी करतले?" मी नुसती हसायची. त्या माझ्या केसांना खोबरेल लावून द्यायच्या. आईनंतर माझ्या डोक्याला तसा हात कोणी लावला नव्हता.

एका वर्षी काकींच्या मुलानं घराच्या पुढच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं ठरवलं. पाया खणून झाला होता. त्यानं जेवताना भाऊजींना विचारलं, "सर, तुम्ही एवढी वर्सां मोजतास. आमचो किनारो बरो हा मा?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उद्या बसून बोलू. भाऊजींच्या हातात घास होता. ते म्हणाले, "पाच. सगळ्यात नाजूक. दरवर्षी थोडी रेती परत येत नाही. हे माड आधी जातील, मग तुमच्या खोल्या, मग हे घर."

काकी वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली आणि आत गेल्या. पुढच्या वर्षी आम्हाला त्या घरी जागा नव्हती, आम्ही गावच्या शाळेत उतरलो. खोल्या त्यांनी बांधल्याच नाहीत. काही वर्षांनी पुढचे माड खरंच एकेक करून आडवे झाले. भाऊजी बरोबर होते. त्यांनी सांगितलं नसतं तर त्या लोकांचं जास्त नुकसान झालं असतं. हे मला कळतं. पण मी विहिरीवर पाणी भरायला गेले की काकी दार लावून घ्यायच्या, तेही मला आठवतं. भाऊजींना आठवत नव्हतं. ताईनं एकदा म्हटलं, काकी बोलत नाहीत, तर म्हणाले, "कोन्या काकी?"

वर्षं अशीच गेली. ताईचा मुलगा कॉलेजात गेला, मुलीचं लग्न झालं. तिचं लग्न डिसेंबरात केलं, मेमध्ये अडचण नको म्हणून. मंडपात मला बायकांनी मुलीच्या मावशीचा मान दिला आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. तिथून मला पहिल्यांदा कळलं की मी आता कुठल्या रांगेत आहे. मुली दाखवायच्या असतात त्या रांगेतून मला कोणी उठवलं, ते आठवेना. कोणी उठवलं नव्हतंच.

मग एका मार्च महिन्यात भाऊजींचा जुना विद्यार्थी आला. तो मोठ्या जागी नोकरीला होता आणि त्यानं एक यंत्र आणलं होतं. पाठीवर दप्तरासारखं अडकवायचं, वर एक छत्रीसारखी तबकडी, आणि नुसतं चालत जायचं. आभाळातल्या उपग्रहांकडून माप आपोआप येतं म्हणे. त्यानं नालवाडीच्या रस्त्यावर चालून दाखवलं. मग भाऊजींनी ते पाठीवर घेतलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. त्या वयात ते अक्षरशः उड्या मारत आले. मागं गल्लीतली कुत्री लागली होती.

"दिवसभराचं काम, घंटाभरात!" ते दारातूनच ओरडले. "दोर नाई, काठी नाई, दुसऱ्या मानसाची गरजच नाई!"

मी पायरीवर तांदूळ निवडत होते. त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. अगदी मनापासून, आनंदानं म्हणाले, "तू मोकळी झाली वं आता. कर खुशाल लग्न."

विद्यार्थी हसला. मी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

ताईला मात्र ते लागलं असावं. ती त्याच दिवशी शेजारच्या काकूंकडं गेली, आणि दोघींनी मिळून स्थळ काढलं. बोरगाव मेघेचे एक गृहस्थ, बायको वारलेली, सरकारी दवाखान्यात लेखनिक, पाठीमागं एक लहान मुलगी. मे महिना लागता लागता ते आपल्या मोठ्या बहिणीला घेऊन आले. भाऊजी दोन दिवसांनी यंत्र घेऊन निघणार होते, म्हणून घरीच होते, आणि काकूही येऊन बसल्या होत्या.

मी पोहे घेऊन गेले. त्या गृहस्थांनी माझ्याकडं रोखून पाहिलं नाही, बशी घेताना खालीच पाहिलं. त्यांचाही स्वभाव लाजरा दिसला. बराच वेळ त्यांची बहीणच बोलत होती. मग त्यांनी घसा साफ केला.

"तुमी समुद्र पाह्यला म्हनते."

"हो," मी म्हटलं.

"मी नाई पाह्यला. कसा असते?"

एवढे मे महिने त्यात उभी राहिलेली मी. "खारट," म्हटलं.

सगळे हसले. तेही हसले, आणि त्या हसण्यात मला चिडवणं नव्हतं. "पोरीले दाखवाचा आहे एकडाव," म्हणाले. "तुमाले माहीत आहे तं बरंच झालं." मी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. साधा चेहरा होता, शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. मनात आलं, ते आपण नीट लावून देऊ. एवढंच आलं, पण आलं.

त्यांच्या बहिणीनं ताईला विचारलं, "वय काय म्हना पोरीचं?"

"एकोणतीस," ताई म्हणाली.

"नाई नाई," खिडकीजवळच्या खुर्चीतून भाऊजी म्हणाले. "चौतीस पुरे."

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं. काकूंनी तर डोळ्यांनी खूण केली. भाऊजींना खुणा कधीच दिसत नसत.

"पाच वर्साची चूक लहान नाई," ते पाहुण्यांना समजावून सांगू लागले. "हिंगणीच्या शाळेचा दाखला आहे माह्यापाशी. आनू का?"

"राहू द्या," ती बहीण म्हणाली. तिनं बशी खाली ठेवली. "चौतीसचं काई नाई हो. आमचा भाऊ काई लहान नाई. पन पहिल्याच दिशी खोटं? पोरगी द्याच्या आधीच?"

काकू म्हणाल्या, "अवं बाई, सारेच दोन-चार वर्सं..." पण ती बाई उठली होती. ते गृहस्थ उठताना थोडे घुटमळले. माझ्याकडं पाहून त्यांनी नमस्कार केला. चपला घालून दोघं फाटकाबाहेर गेले. काकूही मागच्या दारानं निघून गेल्या.

ताई आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींवर ओरडली. "एक दिवस! एक दिवस तुमच्यानं चूप राह्यनं झालं नाई? तिचा संसार उभा राहून राह्यला होता!"

भाऊजी गोंधळले होते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी खोटं सांगतलं का?" ते म्हणाले. "झीज झाली ते झाली म्हनून सांगाच लागते. लपवली तं मंग मानूस त्याच्यावर घर बांधते अन् फसते. उद्या त्यायले कळलंच असतं."

मी बशा गोळा करत होते. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण भाऊजींसमोर पुरं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. हो, नाही, जेवायला चला, एवढंच. त्या दिवशी कसं झालं ते माहीत नाही. हातातल्या बशा मी खाली ठेवल्या.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्यायनं वय विचारलं, तुमी वय सांगतलं. मंग ते वय कशात गेलं, तेही सांगाचं होतं."

मला वाटलं, आता ते चिडतील. निदान त्यांची मान खाली जाईल. मी त्यासाठी थांबले होते.

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. वर्गात एखाद्या मुलानं फळ्यावरची चूक दाखवली की म्हणत असतील, तसं. "राह्यलंच ते."

आणि त्यांनी चपला घातल्या. "कोपऱ्यावरच असन ते, आटो मिळाला नसन," म्हणाले, आणि त्या उन्हात डोक्याला काही न बांधता फाटकाबाहेर धावत गेले. ताई भिंतीला टेकून खाली बसली. मी दारात उभी राहिले. रस्त्यावर कोणी दिसत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. त्या वेळात मी मनात काय काय धरून बसले होते, ते लिहायला मला लाज वाटते.

भाऊजी परत आले ते घामानं भिजलेले, दम लागलेले, आणि समाधानी.

"भेटले?" ताईनं विचारलं.

"भेटले ना. आटोत बसून राह्यले होते. सांगतलं सारं. पोरगी चांगली, दोष तिचा नाई, दरवर्सी मीच नेत होतो, कारन मीच. साफ सांगतलं."

"मंग? काय म्हनाले?"

"ऐकून घेतलं त्यायनं," भाऊजी म्हणाले. "मंग आटो निघाला."

ते खुर्चीत बसले, उपरण्यानं मान पुसली आणि माझ्याकडं वळून विचारलं, पोहे उरले का. सकाळपासून त्यांनी नीट खाल्लं नव्हतं.

उरले होते. पाहुण्यांनी जवळजवळ काहीच घेतलं नव्हतं. मी ताटलीत वाढले, वरून लिंबू पिळलं आणि नेऊन दिले.